पिल्लू आणण्याआधी घरातल्या मांजराचा विचार

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मांजरीची पिल्लं दिसू लागतात. कधी जनरेटरच्या मागे, कधी मीटरच्या खोलीत, कधी उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये. आई दोन दिवसांत फिरकलेली नाही, असं वॉचमन सांगतो. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि विचारतं, ‘कोणी घेणार का?’ ज्यांच्या घरी आधीच मांजर आहे, त्यांचं मन सगळ्यांत आधी विरघळतं. एक आहेच, त्यात आणखी एक. शिवाय आमच्या मनीलाही सोबत होईल! त्यामागची माया खरी असते. पण या निर्णयाचा सगळ्यांत जास्त भार ज्याच्यावर पडणार असतो, त्या घरातल्या मांजराचा विचार त्या घाईत मागे राहतो. म्हणून दोन्ही बाजू नीट तोलून पाहायला हव्यात.

पिल्लाची बाजू भक्कम आहे. बेवारस पिल्लाला पाऊस, गाड्या आणि कुत्री या तिन्हींशी एकाच वेळी सामना करावा लागतो. त्यात वेळही त्याच्या विरोधात असतो. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत पिल्लू माणसाच्या हाताला सरावलं, तर ते आयुष्यभर माणसात रमतं. हा काळ निघून गेला की त्याला माणसाळवणं फार अवघड होतं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर त्याला महाग पडू शकतं.

घरातल्या मांजराच्या दृष्टीनेही काही फायदे आहेत. वर्ष-दीड वर्षाचं, अंगात रग असलेलं मांजर दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटं असेल, तर ती सगळी रग संध्याकाळी माणसांच्या पायांवर आणि सोफ्यावर निघते. अशा मांजराला धावायला, कुस्ती खेळायला जोडीदार मिळाला तर ते खुलतं. मांजर हा पक्का एकलकोंडा प्राणी आहे, हेही पूर्ण खरं नाही. कोळीवाड्यात, मासळी बाजारात, जिथे अन्न मुबलक असतं तिथे मांजरं गटाने राहतात. मात्र अशा गटांचा कणा बहुतेक वेळा एकमेकींच्या नात्यातल्या माद्या असतात. बाहेरून आलेल्या मांजराला तिथेही सहजासहजी जागा मिळत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. उंदराएवढी शिकार एकट्याने करायची, एकट्याने खायची, आपला इलाका वासाने आखून ठेवायचा, ही त्याची रीत. कुत्र्यांसारखं कळपात राहून रुसवे-फुगवे मिटवण्याचं शिक्षण त्याला निसर्गाने दिलेलं नाही. दोन मांजरांचं पटलं नाही तर त्यांच्याकडे एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे तिथून निघून जाणं.

‘मांजरं आपापसांत बघून घेतात’ हा जुन्या माणसांचा सल्ला इथेच तपासून पाहावा लागतो. वाड्यात किंवा कौलारू घरात तो खोटा नव्हता. तिथे माळा होता, परसू होतं, कौलांवरून शेजारच्या घरात जाण्याची वाट होती. न पटलेलं मांजर बिऱ्हाड हलवायचं. किती पिल्लं जगली आणि किती गेली, याचा हिशोब मात्र कोणी ठेवत नसे. आजच्या वन बीएचकेला एकच दार आहे आणि तेही बंद असतं. निघून जायची सोय काढून घेतल्यावर ‘बघून घ्या’ म्हणणं हा अन्यायच आहे.

हा अन्याय लवकर लक्षातही येत नाही, कारण मांजरांचं वैर दर वेळी ओरखड्यांतून दिसत नाही. लिटर बॉक्सकडे जाणाऱ्या बोळकांडीच्या तोंडाशी एक मांजर ऐसपैस पसरलेलं असतं. आपल्याला ते निवांत वाटतं. पण दुसरं कोपऱ्यावर येतं, थबकतं, त्याची नजर टाळून उलट्या पावली परततं आणि तासाभराने गादीवर शू करतं. आपण म्हणतो, ‘मत्सर करतंय, मुद्दाम करतंय.’ खरं तर त्याची वाट अडवलेली असते. अशा ताणातून मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती तातडीची वेळ असते. मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मग निर्णय कसा घ्यायचा? मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिला, घरातल्या मांजराचं वय आणि प्रकृती. तरुण, निरोगी, नसबंदी झालेलं, पाहुण्यांना न घाबरणारं मांजर असेल तर पिल्लू आणायला हरकत नाही. मोठ्या अनोळखी मांजरापेक्षा लहान पिल्लू बहुधा लवकर स्वीकारलं जातं. दहा-बारा वर्षांचं, सांधे दुखणारं किंवा किडनीचा विकार असलेलं मांजर असेल तर त्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू सोडणं बरं नव्हे. दुसरा, घरात दार लावून घेता येईल अशी एक जागा दोन आठवडे मोकळी ठेवता येईल का? तिसरा, दोघांचं कधीच जमलं नाही तर आपण काय करणार? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘परत खाली सोडू’ असं असेल, तर पिल्लू वर आणूच नये.

होकार ठरला तर तयारी पिल्लू यायच्या आधी सुरू व्हायला हवी. आधी जुन्या मांजराला डॉक्टरांना दाखवून त्याचं लसीकरण पूर्ण करून घ्यावं. सगळ्यांत मोठी धास्ती पॅनल्यूकोपेनियाची असते. पिल्लांचा बघता बघता घास घेणारा हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. फिनेलने फरशी पुसून तो मरत नाही, उलट फिनेलच मांजरांना घातक असतं. घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून पुसल्यास तो मरतो. पिल्लाच्या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांच्या वयापर्यंत द्याव्या लागतात आणि रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर देतात. जंत, पिसवा, नायटा आणि मांजरांचा ल्युकेमिया यांची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. आणल्यापासून निदान दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावं. दुसरी खोली नसेल तर कोरडं बाथरूमही चालतं. तिथे त्याची वाटी, पाणी, लिटर, लपायला एक खोका आणि अंथरूण हवं. त्याच्याकडे जाऊन आल्यावर हात धुवायचे, कपडे बदलायचे.

हे दोन आठवडे ओळखीसाठीही वापरता येतात. मांजरांची ओळख डोळ्यांच्या आधी नाकाने होते. जुना मऊ मोजा पिल्लाच्या गालांवर हलकेच फिरवावा, कारण मांजराच्या ओळखीचा गंध तिथे असतो. पिल्लू तपासणीत निरोगी ठरल्यावर तो मोजा जुन्या मांजराच्या वाटीपासून दोन-तीन हातांवर ठेवावा. ते येईल, मान लांब करून हुंगेल, कदाचित फिस्कारेल आणि निघून जाईल. जाऊ द्यावं. मोजा त्याच्या झोपण्याच्या जागी मात्र कधीच टाकू नये. त्याच्याकडे दुर्लक्ष करून ते शांतपणे जेवू लागलं, म्हणजे एक पायरी झाली. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन वाट्या ठेवाव्यात, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ. त्यानंतर खोल्यांची अदलाबदल करावी आणि मगच जाळीतून किंवा दाराच्या फटीतून एकमेकांचं दर्शन घडवावं.

प्रत्यक्ष भेटी छोट्या आणि पोटभर जेवणानंतरच्या असाव्यात. पिल्लाला उचलून जुन्या मांजराच्या तोंडासमोर धरू नये. जुनं मांजर फिस्कारलं तर त्याला रागावू नये. फिस्कारणं म्हणजे हल्ला नव्हे, ‘लांब राहा’ अशी सूचना आहे. ती दिल्याबद्दल मार मिळाला तर ते पुढच्या वेळी सूचना न देता पंजा मारेल. कान मागे चिकटले, अंग जमिनीलगत गेलं आणि नजर खिळली, तर मध्ये उशी धरावी, हात घालू नये. एक पायरी मागे यावं. हे काम कधी पंधरा दिवसांत होतं, कधी काही महिने चालतं. याच दिवसांत जुन्या मांजराने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांकडे जावं, विशेषतः ते अंगाने जाड असेल तर. अशा मांजरांच्या यकृतावर उपवासाचा परिणाम फार लवकर होतो.

घराची मांडणीही बदलावी लागते. दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स, आणि तेही एका रांगेत नव्हे, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. जेवणाच्या आणि पाण्याच्या वाट्याही लांब लांब. कपाटाच्या माथ्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसण्याच्या निदान दोन जागा. बाल्कनीला जाळी. आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झाल्यावर लगेच त्याची नसबंदी, कारण मादी त्याच वयात गाभण राहू शकते.

एवढा पसारा ऐकून कोणी म्हणेल की असं असेल तर रस्त्यावरच्या पिल्लांना घरंच मिळणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे. बाहेर धो धो पाऊस पडत असताना भिजलेल्या पिल्लासाठी परिपूर्ण तयारीची वाट पाहता येत नाही. पण पिल्लाला आसरा देणं आणि ते कायमचं ठेवून घेणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. बाथरूममध्ये काही आठवडे सांभाळायचं, लस द्यायची, खायला-प्यायला घालून धडधाकट करायचं आणि चांगलं घर शोधून द्यायचं, हेही मोठं काम आहे. ज्यांच्या घरी म्हातारं मांजर आहे त्यांनी हाच मार्ग धरावा. आणि ज्यांच्या घरी एकही मांजर नाही, त्यांनी एकाच वेळी दोन भावंडं न्यावीत. त्यांना सोबत नव्याने जुळवावी लागत नाही, भावंडं ती बरोबर घेऊनच येतात.

तेव्हा पिल्लू जरूर आणावं, पण ‘मनीला सोबत’ हे कारण सांगून नव्हे. पिल्लाला घर हवं आहे आणि आपली ते देण्याची तयारी आहे, हे कारण पुरेसं आहे. मैत्री झाली तर आनंदच. ती नाही झाली तरी दोघांनाही न घाबरता खाता, झोपता आणि लिटरपर्यंत जाता यायला हवं. एवढी हमी देता येत असेल तरच ग्रुपवर ‘मी घेते’, ‘मी घेतो’ असं लिहा.