वाऱ्यावर सोडलेली घरे

इस्लापूर परिसरात वैशाखातल्या दुपारी पैनगंगेच्या बाजूने आभाळ काळवंडून आले की तांड्यावरील बाया प्रथम छपरावरच्या दगडांकडे पाहतात. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले हे दगड हाच गरिबाच्या घराचा वादळविमा. वारा मर्यादेत असला तर तो उपयोगी पडतो. मर्यादा सुटली तर पत्र्याबरोबर दगडही खाली येतो, आणि खाली बहुधा लेकरू निजलेले असते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘निसर्गाचा कोप’ असा मथळा येतो. कोप निसर्गाचा असेलही, पण तो कोणाच्या डोक्यावर कोसळावा याचा निर्णय निसर्ग करीत नाही. स्लॅबखाली बसलेला व्यापारी आणि पत्र्याखाली बसलेला शेतमजूर एकाच ढगाखाली राहतात. छप्पर मात्र एकाचेच उडते.

भांडवलशाहीचे माहेर असलेल्या अमेरिकेतही चित्र फारसे निराळे नाही. तेथे अल्प उत्पन्नाची लक्षावधी कुटुंबे कारखान्यात तयार होऊन गाडीवरून आणलेल्या हलक्या घरांत राहतात. चक्रवाती वावटळीत घरात असताना जे मरतात त्यांपैकी सुमारे निम्मे या घरांतील असतात, वास्तविक एकूण घरांत त्यांचे प्रमाण अगदी थोडे आहे. तथापि त्याच देशातील मिनेसोटा राज्याने एक गोष्ट कायद्यात लिहिली. दहा किंवा त्याहून अधिक अशी घरे असलेल्या ज्या वसाहतीला १ मार्च १९८८ पासून पुढे परवाना मिळाला, तेथे वादळनिवारा बांधणे जागेच्या मालकावर बंधनकारक झाले. माणसे वसवून जो भाडे घेतो त्याने त्यांच्या जिवाची तजवीज करावी, एवढेच त्यामागील तत्त्व. मराठवाड्यातील वादळे त्या जातीची नसतात हे खरे. पण तत्त्वाला हवामानाचे बंधन नाही.

महाराष्ट्रातील फिरते घर म्हणजे ऊसतोड कामगाराची कोपी. चार वाकविलेल्या काठ्या, तट्ट्या, पाचट आणि वर ताडपत्री. आत ताठ उभे राहता येत नाही. किनवट तालुक्यातील तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘कोयते’ निघतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या परिसरातील मोकळे रान हेच त्यांचे गाव. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली, तेव्हा गळीत हंगाम चालूच होता. द्राक्षांचे आणि हरभऱ्याचे नुकसान मोजले गेले, आणि ते मोजायलाच हवे होते. ताडपत्रीखाली गारांचा मार खाणाऱ्यांची मोजणी कोणत्या रकान्यात करावयाची होती?

रकान्याचा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. आपत्ती मदतीसाठी केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांकरिता ठरविलेल्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि झोपडीला ८,००० रुपये अशी रक्कम आहे. शिवाय नुकसान झालेले घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. म्हणजे गायरानावर किंवा वनजमिनीच्या कडेला दोन पिढ्या राहिलेल्या, पण नमुना आठमध्ये नाव न चढलेल्या कुटुंबाचे घर वाऱ्याने पाडले तरी कागदावर ते पडत नाही, कारण कागदावर ते कधी उभेच नव्हते. कोपीचे तर नावच घ्यायला नको. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला, त्यात योग्य निवासाची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. परंतु नांदेडचा कामगार सांगली-कोल्हापूरला गेला तर तो राज्याची सीमा ओलांडत नाही; त्यामुळे शेकडो मैल दूर जाऊनही तो त्या कायद्याच्या बाहेरच राहिला.

घर उडाले तर पुन्हा बांधता येते. विजेचे तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. निसर्गाच्या तडाख्याने झालेल्या एकूण मृत्यूंत हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. वीज बहुधा गाठते ती उघड्या रानात काम करणाऱ्याला, म्हणजे शेतात राबणाऱ्याला, गुराख्याला, शेळ्या राखणाऱ्या पोराला. महाराष्ट्रात मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात. मेल्यावर चार लाख देणारे शासन जगण्यासाठी काय देते? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे उपयोजन तयार केले असून ते जवळपास कोसळणाऱ्या विजेची आगाऊ सूचना देते. काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण सूचना मिळून जायचे कोठे? झाड धोक्याचे, कोपी धोक्याची आणि पत्र्याची शेडही भरवशाची नाही. पक्की इमारतच हवी, आणि ती वीजवाहक सळई व जमिनीत नीट पुरलेली अर्थिंग असलेली हवी.

बहुतेक तांड्या-पाड्यांवर अशी होऊ शकणारी एकच वास्तू असते, जिल्हा परिषदेची शाळा. वादळाचे दिवस नेमके उन्हाळ्याच्या सुटीचे. शाळेला कुलूप आणि किल्ली तालुक्याच्या गावी. या एका किल्लीसाठी कोणत्याही अर्थसंकल्पाची गरज नाही. ती सुटीत पोलीस पाटलाकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे ठेवावी असा ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे. सळई आणि अर्थिंगसाठी पैसा लागेल. किनवट तालुक्यातील पेसाखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो. त्यातून सभामंडपाआधी ही कामे धरावीत, हा आग्रह कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून धरला पाहिजे. पत्र्यांना दगडांऐवजी वाशात घट्ट बसणारे हूक आणि वाशांना भिंतीत पुरलेली तारेची बांधणी हे काम तर गावातला सुतार एका दिवसात शिकवील.

कारखान्यांचा हिशेब मात्र ग्रामसभेत होणार नाही. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती लढून मिळाली आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण वाटाघाटींचा भर दरावरच राहिला. पुढच्या करारात दराच्या शेजारी निवाऱ्याचे कलम हवे, म्हणजे प्रत्येक तळावर सर्वांना मावेल अशी एक पक्की, विजेपासून सुरक्षित शेड. तिचा खर्च कारखान्याचा, उचलीतून एक पैसाही वळता न करता. सहकाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या कारखान्यांना साखरेच्या पोत्यांसाठी पक्की गोदामे बांधता आली आहेत. पोते भिजू नये याची काळजी घेणाऱ्या संचालक मंडळांपुढे हे कलम ठेवण्याची वेळ कोयते निघण्यापूर्वीची आहे. एकदा उचल हातात पडली की कामगाराला बोलायला जागा उरत नाही.