सब्र कुणी करायचा?

माझ्या शोहरांचा पगार वाढला आणि माझं औषध बंद झालं. वाक्य लिहिताना चूक झालेली नाही. घडलं ते असंच घडलं.

ते पुण्याजवळच्या एका कारखान्यात कामाला आहेत. कामगार राज्य विमा योजनेत त्यांचं नाव होतं, म्हणून घरच्यांचंही होतं. मला २०१६ पासून संधिवात आहे. उतारवयात गुडघे धरतात तो नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तो रूमेटॉइड संधिवात. सकाळी मूठ मिटत नाही. वझूसाठी नळ फिरवायला मुलीला हाक मारावी लागते. मी घरी ब्लाउज शिवते, म्हणजे माझी रोजी याच बोटांवर आहे. आठवड्यातून एकदा मिथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि ठरावीक काळानं रक्ताची तपासणी, एवढ्यावर माझी मशीन चालू होती.

एप्रिल २०२२ मध्ये पगार २०,६०० वरून २१,४०० झाला. योजनेची मर्यादा २१ हजारांची होती. १ जानेवारी २०१७ पासून ती १५ हजारांवरून इथवर आणलेली. चारशे रुपयांनी आम्ही बाहेर पडलो. आधी भरलेल्या हप्त्यांच्या जोरावर डिसेंबरअखेर उपचार मिळाले. जानेवारीत खिडकीवरच्या माणसानं कार्ड परत केलं. माणूस सभ्य होता. म्हणाला, "ताई, आता तुम्ही यात बसत नाही."

हिशेब मांडून बघा. पगार आठशेनं वाढला. पाऊण टक्क्यानं कापले जाणारे दीडशे वाचले. हातात साडेनऊशे जास्त आले. डॉक्टरांची फी, तपासण्या, गोळ्या आणि बसभाडं मिळून महिन्याला दोन हजार डोक्यावर बसले. याला पगारवाढ म्हणायचं?

खासगी विमा घ्यायला गेलो. एजंट म्हणाला, असलेल्या आजारासाठी चार वर्षं थांबा. (२०२४ मध्ये नियामकानं ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली.) आणि थांबूनही मिळणार काय, तर दवाखान्यात भरती झालात तर पैसे. पण माझ्यासारखी बाई भरती होत नाही. ती उभ्या उभ्या दुखते, स्वयंपाक करते, शिवते आणि रात्री उशी दाताखाली धरते.

सरकारी योजनांची मेखही हीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की २०१८ ची आयुष्मान भारत, दोन्हींचा सारा भर भरती रुग्णावर. पाच लाखांचा आकडा भिंतीवर मोठा दिसतो. महिन्याच्या गोळ्यांना त्यातले पाच रुपये नाहीत. सांधा शाबूत ठेवायला कुणी पैसे देत नाही; तो मोडून टेबलावर आडवं व्हायची वेळ आली की मगच कागद हलतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे चांगलंच झालं. जनौषधीच्या दुकानांनी गोळ्या स्वस्त केल्या, हेही खरं. पण या आजाराचा तज्ज्ञ तालुक्याला बसत नाही आणि ही गोळी रक्त तपासल्याशिवाय घेत राहणं धोक्याचं. गोळी स्वस्त झाली म्हणजे उपचार स्वस्त झाला, असं होत नाही.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. आधी तपासणी सोडली, मग तज्ज्ञाकडे जाणं सोडलं, शेवटी आठवड्याची गोळीही सोडली. मेडिकलवाल्याकडून वेदनाशामक आणून खाल्लं. दुखणं दबलं, आजार दबला नाही. पोटात जळजळ सुरू झाली ती वेगळीच. कुणी एका बाबाची पुडी आणून दिली. पहिल्या आठवड्यात मी धावायला लागले. नंतर चेहरा सुजला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की असल्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. या साऱ्यात सात महिने गेले. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. आता औषध पुन्हा सुरू आहे, पण ती बोटं सरळ होणार नाहीत.

इथवर सरकारशी भांडण झालं. आता आपल्या घरात येऊ.

त्या सात महिन्यांत मला सर्वांत जास्त मिळालं ते "सब्र". सासूबाई म्हणाल्या, सब्र कर. शेजारच्या आपा म्हणाल्या, दुखण्यानं गुनाह झडतात. इज्तेमात बयान ऐकलं, त्यातही अय्यूब अलैहिस्सलामांचा सब्र. मान्य. पण त्याच अय्यूब नबींनी आपल्या रबला पुकारून सांगितलं की मला दुःखानं घेरलं आहे, हे कुरआनातच आहे. ही दुआ बयानात का येत नाही? इब्न सिनानं आपल्या 'कानून'मध्ये वेदनेचे पंधरा प्रकार नोंदवले. त्यानं सब्र सांगून रुग्ण परत पाठवला असता, तर त्याला पंधरा काय, एकही प्रकार सापडला नसता. स्वतः सब्र करणं ही इबादत आहे. दुसऱ्याला सब्र सांगून आपला खिसा वाचवणं याला काय म्हणायचं, ते वाचकांनीच ठरवावं.

दुसरे भाईजान भेटले ते विमाच हराम आहे म्हणणारे. त्यांच्याशी मी मसल्यावर वाद घालत नाही. माझा सवाल साधा आहे : हराम म्हणालात, मग हलाल काय उभं केलंत? मलेशियानं १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला. एकमेकांचं ओझं वाटून घेण्याची वाट काढली. आपण फक्त दार बंद केलं आणि किल्ली खिशात घालून घरी गेलो.

तिसरी गोष्ट जकातीची. रमजानात आपल्याकडे पैसा निघतो, भरपूर निघतो. ऑपरेशनसाठी मशिदीत पुकारा झाला की झोळी भरते. मी मागायला गेले नाही, पण माझ्यासारखीच एक बाई गेली होती. तिला विचारलं गेलं, "ऑपरेशन कधी आहे?" ऑपरेशन नव्हतंच. दरमहा दोन हजार हवे होते, कदाचित जन्मभर. तिला एक रेशनचा किट देऊन परत पाठवलं. तांदळानं सांधे हलत नाहीत.

कैरोत सुलतान कलावूननं १२८४ मध्ये शिफाखाना उभारला आणि त्याच्या खर्चासाठी वक्फ बांधून दिला. गरीब-श्रीमंत दोघांनाही तिथं इलाज मिळत असे. त्याचा फख्र आपण भाषणात करतो आणि आपल्या वस्तीतल्या वक्फच्या गाळ्याचं भाडं कुठं जातं ते विचारत नाही.

मला भाषण नको. प्रत्येक जमातीनं एक वही करावी. वस्तीत संधिवात, कंबरेचा मणका, कॅन्सरनंतरचं दुखणं घेऊन जगणारं कोण आहे, ते त्यात लिहावं. बायकांची नावं बायकांनी लिहावीत, कारण पुरुषांना आम्ही सांगत नाही. त्यातल्या हकदारांसाठी जकातीचा एक हिस्सा बारा महिन्यांत वाटावा. औषधं जनौषधीतून एकत्र आणावीत, तपासणीचा दर लॅबवाल्याशी बसून ठरवावा. आणि विम्याची मर्यादा ओलांडली म्हणून ज्यांचा इलाज तुटतो, त्यांच्यासाठी आमदार-खासदारांच्या दारात जावं. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी जातो ना, तसंच.

हा मजकूर डाव्या हातानं लिहिला आहे. उजव्या हातानं जेवढं शिवून होतं, तेवढ्यात या महिन्याच्या गोळ्या आल्या. सब्र मी खूप केला. आता थोडा तुम्ही बेसब्र व्हा.