सात मिनिटांचा लघुपट आणि गाळलेलं एक वाक्य



'हौशी माणसांनी लघुपट करण्याच्या भानगडीत पडू नये, नातेवाइकांखेरीज ते कोणी बघत नाही,' असं आमच्या एका स्नेह्यांचं ठाम मत आहे. माझं मत नेमकं उलट आहे. हौशी माणसांनी लघुपट जरूर करावा, फक्त सिनेमाची नक्कल करू नये. नुकताच आम्ही, म्हणजे मी आणि माझा कॉलेजात जाणारा नातू, असा एक सात मिनिटांचा उद्योग केला. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

आम्हा वाईकरांना शूटिंगचं नवल नाही. २००४ साली आलेल्या 'स्वदेस'चं चित्रीकरण जवळच मेणवलीला झालं होतं. त्यामुळे सिनेमा म्हटलं की क्रेन, मोठमोठे दिवे आणि व्हॅनिटी गाड्या, हेच इकडच्या मुलांच्या डोक्यात. नातवालाही आधी भुताची गोष्ट करायची होती. मी त्याला दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय चित्रित केलं? वाटाण्याच्या रोपाची वाढ! ती चिमुकली फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. म्हणजे जवळ जे आहे, त्याकडे नीट बघायला शिकणं हा पहिला धडा.

आमच्या जवळ होते कल्हईवाले चाचा. वय सत्तरीच्या पुढे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हई लागते. घरोघरी स्टील आलं आणि ती गरजच संपत गेली. आता कोणी पातेलं आणून दिलं तरच चाचांचा भाता पेटतो.

दुसरा धडा आवाजाचा. चित्र थोडं हललं तरी बघणारा चालवून घेतो, पण बोलणं ऐकू आलं नाही तर तो उठून जातो. मोबाईल चार हात लांब धरला की माणसाच्या बोलण्यापेक्षा रस्त्यावरची रिक्षाच मोठ्याने ऐकू येते. म्हणून दुसरा मोबाईल ध्वनिमुद्रण चालू करून चाचांच्या खिशात ठेवला. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर, मग जुळवायचं कसं? सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हात मिटताना दिसतात तो क्षण आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवले की पुढचं सगळं जुळतं. शूटिंगच्या वेळी ती पाटी फटकन आपटतात ती यासाठी, हे मला या वयात कळलं!

पार्श्वसंगीत आम्ही घातलंच नाही. भात्याचा श्वास, तापलेल्या पितळेवर नवसागर टाकल्यावर उठणारा पांढरा धूर, चाचांचा खोकला, कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की क्षणात भांड्याचं चांदीसारखं होणं, आणि शेवटी गार पाण्यात बुडवल्यावरचा तो 'चर्रर्र'! याच्यावर सतार कशाला हवी?

तिसरा धडा कापण्याचा. जवळजवळ पावणेदोन तासांचं चित्रण होतं, त्याची सात मिनिटं केली. निबंध तपासताना मी मुलांना सांगत असे की आवडलेलं वाक्यही विषयाला धरून नसेल तर काढा. तोच नियम इथे लागू पडला. एक वाक्य मात्र या नियमात बसेना, आणि खरं म्हणजे त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

बोलता बोलता चाचा म्हणाले होते, "पोरगा म्हणतो, आता बंद करा हे, लोक हसतात. त्याची फी याच भात्यावर भरली गुरुजी." हा मुलगा माझाच विद्यार्थी, आता मुंबईला चांगल्या नोकरीत आहे. लघुपट तयार झाल्यावर आम्ही तो आधी चाचांना दाखवला. त्या वाक्याला ते गप्प झाले. मग म्हणाले, "तेवढं काढा. खोटं नाही, पण घरातलं आहे."

नातू कळवळला. "आजोबा, तोच तर पिक्चरचा जीव आहे!" पुण्याच्या धाकटीचंही तेच म्हणणं पडलं. परवानगी घेऊनच चित्रण केलं होतं, बोलले तर चाचा स्वतःच होते, मग काढायचं कशाला? मुद्दा बिनतोड होता. तरी आम्ही ते वाक्य काढलं, आणि माझ्या मते तेच योग्य होतं.

कारण असं की चाचा कॅमेऱ्याशी बोलले नव्हते, गुरुजींशी बोलले होते. अनोळखी माणसाला त्यांनी ते सांगितलंच नसतं. हौशी माणसाजवळ महागडी यंत्रं नसतात, ओळख असते. त्या ओळखीने दार उघडलं, तर आतलं काय बाहेर न्यायचं हे घरच्यांनी ठरवावं. बाहेरगावचा चित्रपटवाला काम झालं की निघून जातो. आम्हाला उद्याही त्याच गल्लीतून जायचंय.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे लघुपट गोडगोडच होतील. तसं नाही. चाचांचा खोकला आहे, काजळीने भरलेले हात आहेत, दिवसभरात आलेली फक्त दोन भांडी आहेत, आणि त्यांचे किती पैसे मिळाले तेही आहे. धंद्यातलं कडू सत्य सगळं ठेवलं. बापलेकांमधलं तेवढं त्यांचं त्यांना परत दिलं. लघुपट त्यामुळे थोडा फिका झाला असेल. होऊ दे.

तर मंडळी, तुमच्याही घरात पापड लाटणारी काकू असेल, जात्यावर दळलेलं आठवणारी आजी असेल. मोबाईल आडवा धरा, दुसरा जवळ ठेवा, एक टाळी वाजवा आणि त्यांना बोलू द्या. तयार झाल्यावर मात्र सगळ्यांत आधी त्यांनाच दाखवा, आणि त्या 'काढ' म्हणाल्या तर वाद न घालता काढा.

तुम्हाला काय वाटतं? आमच्या घरात तरी अजून एकमत नाही!