मोती पिकेपर्यंत तिने का थांबायचे?



ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मुलगा-सून सकाळची लोकल पकडतात, तेव्हा मागे घर सांभाळते ती सासू नाहीतर आई. नातवंडांची शाळा, दूध, पाणी, स्वयंपाक सारे तिच्यावर. डोळ्यांपुढे धुके येऊ लागले तरी ती सांगत नाही. सांगितलेच तर घरचे म्हणतात, "मोती पिकू दे, मग काढू."

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची आज गरज नाही. गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते. उलट फार पिकलेला मोती काढणे अवघड जाते. डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या स्त्रियांत अंधत्वाचे प्रमाण २.३१ टक्के आढळले, पुरुषांत १.६७ टक्के. सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, जड उचलायचे नाही. म्हणजे तेवढे दिवस घर तिच्यावाचून चालवायचे. इथेच घोडे अडते. परीक्षा होऊ देत, दिवाळी होऊ दे, असे म्हणत तारीख पुढे जाते. आयुष्यभर स्वतःला शेवटी वाढून घेतलेली बाईही म्हणते, "आता मला काय बघायचंय?" या उत्तराला तिची संमती समजू नये.

दोष सुनेच्या माथी मारणेही सोपे आहे. पण आईच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाने रजा का घेऊ नये, हे कोणी विचारत नाही. ते आपण विचारू या.

आपल्या गटांनी वस्तीतल्या, चाळीतल्या, सोसायटीतल्या वयस्क बायकांची यादी करावी. मधुमेह असलेलीने डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासून घ्यावा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी वेळेत हवी. रुग्णालयात सोबत जाण्यासाठी आणि नंतर थेंब घालण्यासाठी पाळ्या लावू या. महापालिकांकडे वस्तीजवळ तपासणीची मागणी करू या. शस्त्रक्रियांचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे जाहीर करा, हेही मागू या. किती बायका अजून थांबल्या आहेत, ते त्याशिवाय कळणार नाही.