वेळ बदला, पण आधी मोजा

वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे फिरवायचा कंटाळा आपल्या सगळ्यांनाच आहे. त्यामुळे एखाद्या राज्यात "टाइम झोनच बदलून टाकू" असे विधेयक आले की आपण लगेच मान डोलावतो. ऑफिस सुटल्यावर तासभर उजेड मिळणार, तो कोणाला नको आहे? पण सकाळचा अंधार कोणाच्या वाट्याला येणार, हे कोणी विचारत नाही.

जानेवारी १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे जवळजवळ सगळ्या अमेरिकेने हिवाळ्यातही उन्हाळी वेळ लावली. मुले काळोखात शाळेच्या बसची वाट पाहू लागली, पालक चिडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसला पाऊल मागे घ्यावे लागले.

याउलट इंडियानाचे पाहा. २००६ पर्यंत तिथल्या ९२ पैकी ७७ काउंटी उन्हाळी वेळ पाळत नव्हत्या, त्या वर्षापासून सगळ्या पाळू लागल्या. मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट या अर्थतज्ज्ञांनी ही संधी साधली. दक्षिण इंडियानातल्या घरांची सुमारे सत्तर लाख मासिक वीजबिले त्यांनी तपासली आणि नव्याने वेळ बदललेल्या काउंटींची तुलना आधीपासून बदलणाऱ्यांशी केली. विजेची बचत होईल हा तर मुख्य युक्तिवाद होता! प्रत्यक्षात घरगुती वापर सुमारे एक टक्क्याने वाढला. दिव्यांची वीज वाचली खरी, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी एसी आणि शरदातल्या गार सकाळी हीटर जास्त चालले. राज्यातल्या कुटुंबांवर वर्षाला सुमारे नव्वद लाख डॉलरचा बोजा पडला. हे मोजले नसते तर "बचत झाली" असेच सगळे म्हणत राहिले असते.

विजेपेक्षा झोपेचा हिशेब अधिक गंभीर आहे. टाइम झोनच्या सीमेलगतच्या लोकांची तुलना करून जुंटेला आणि माझोना यांनी २०१९ मध्ये दाखवले, की संध्याकाळी तासभर जास्त उजेड असेल तर माणूस सरासरी १९ मिनिटे कमी झोपतो. कामाची वेळ ठरलेली असते ना, सूर्य उशिरा मावळला म्हणून शिफ्ट उशिरा सुरू होत नाही. आपल्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना उशिरा लॉगिन करता येते. (पुण्याच्या टीमबरोबरचा रात्रीचा कॉल हे आपले वेगळेच दुखणे.) नर्स, बस-ड्रायव्हर, गोदामातला कामगार यांना ती सोय नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हे १९०६ मध्येच कळले होते. नवी प्रमाणवेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे, म्हणजे तितके आधी कामावर हजर व्हायचे. हजारोंनी विरोध केला. महापालिकेच्या विरोधामुळे शहरात जुनी मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून राहिली.

अमेरिकन कायद्यात टाइम झोनची सीमा हलवण्याची कसोटी आजही "व्यापाराची सोय" हीच आहे, आणि निर्णय वाहतूक खाते किंवा काँग्रेस घेते. झोप, शाळा, अपघात यांचा त्यात उल्लेखही नाही. मॅसेच्युसेट्सच्या आयोगाने २०१७ मध्ये निदान सकाळच्या अंधाराचा आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार केला, आणि शेजारची राज्ये बरोबर आली तरच बदल करा असे बजावले. तेवढे तरी प्रत्येक राज्याने करावे. शिवाय बदलापूर्वीची दोन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे वीजबिले, शाळेतली हजेरी, पहाटेचे अपघात यांचे आकडे जाहीर करणे विधेयकातच बंधनकारक हवे. तुमच्या राज्यात असे विधेयक आले, तर सिनेटरला पत्र लिहून एवढेच विचारा: सकाळचे आकडे कोण गोळा करणार आहे?