पेटीला एक नंबर, माणसाला चार

मी गोदीतला माणूस. गाव मुदखेड, शिक्षण मॅट्रिक. कॉम्प्युटरचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण लोखंडी कंटेनर रोज बघतो. त्याच्या अंगावर चार अक्षरं अन् सात आकडे. शेवटचा आकडा बाकीचं बरोबर लिहिलंय का ते तपासायला. न्हावाशेवा असो की रॉटरडॅम, त्या नंबरचा अर्थ एकच. जहाजवाल्यांनी बसून नियम ठरवला, कारण माल हरवला तर त्यांचं नुकसान होतं.

आता माणसाचं बघा. मुदखेडची एखादी पोटुशी बाई घ्या. तिचं नाव आरसीएच पोर्टलवर. टीबी निघाला की 2012 पासूनच्या निक्षयवर दुसरा नंबर. दवाखान्याची महिन्याची बेरीज जाते एचएमआयएसमध्ये, तिथं तर तिला नावच नाही. अन् 2021 च्या सप्टेंबरात देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आभा नंबर, 14 आकडी. म्हणे यानं सगळं जोडणार. कागद ज्या दवाखान्यात झाला तिथंच राहील, पेशंटनं हो म्हटलं तरच दुसरीकडं जाईल. कल्पना झकास आहे, मी तिला नावं ठेवत नाही. नंदिग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला पोट भरायला आलेल्या माणसाचा केसपेपर त्याच्या मागं आला तर कुणाला नको?

पण जोडणार कोण? एका रजिस्टरात माहेरचं नाव, दुसऱ्यात सासरचं, आधारवर वय तिसरंच. ही एकच बाई हे यंत्राला कसं कळावं? तो घोळ निस्तरते आशाताई. वहीत लिही, मग मोबाईलात भर. अन् तिला पगार नाही, मोबदला!

जुन्याचं काय होतं तेही सांगतो. राज्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर नोंदी होत होत्या. 2022 मध्ये कंत्राटाच्या भानगडीत ती यंत्रणा बंद पडली, डॉक्टर पुन्हा हातानं लिहायला लागले. आजार आपला, रक्त आपलं, अन् किल्ली कंत्राटदाराच्या खिशात!

अन् नांदेड विसरलात? 2023 च्या 30 सप्टेंबर अन् 1 ऑक्टोबरच्या दरम्यान सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात 24 तासांत 24 माणसं मेली, त्यात 12 नवजात. औषधं होती की नव्हती यावरून खडाजंगी झाली, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. मेलेल्यांचा आकडा वर गेला. औषधाच्या साठ्याचा आकडा बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईबापाला कुणी दाखवला होता का? माहितीचा नळ वरच्या बाजूलाच वाहतो साला.

संमतीचं तर बोलूच नका. केसपेपरच्या रांगेत पोर कडेवर घेऊन उभी बाई कशाला नाही म्हणेल? वरच्यांच्या रजिस्टरात नाव जाणं म्हणजे काय ते आपल्या भटक्या भावांना विचारा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं नोंदलेली माणसं 1952 मध्ये सुटली, संशय अजून सुटला नाही.

म्हणून मागायचं ते नेमकं मागा. कंत्राट कुणालाही द्या, जुन्या नोंदी दवाखान्याच्या ताब्यात राहतील हे आधी लिहून घ्या. दुबार नोंदीचे पैसे आशाताईला द्या, नाहीतर वही तरी बंद करा. संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवा, अन् नाही म्हटलं तरी गोळी मिळेल हेही त्याच दमात सांगा. आणि औषधाचा साठा, रिकाम्या जागा, दर महिन्याला दवाखान्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. त्याला सर्व्हर लागत नाही.