अत्र्यांची वाट न पाहता

बहिणाबाई चौधरींचे आसोदे नशिराबादपासून फार लांब नाही. दोन्ही गावे जळगाव तालुक्यातलीच. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ती आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली तरी. असा मुलगा किती जणींना असतो?

आज इथल्या नव्या लेखकाला पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाची मनधरणी करावीच लागते असे नाही. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके पीडीएफ करून वाचकांना विनामूल्य देते. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’वर मराठी कथा क्रमशः येतात, वाचक तिथेच अभिप्राय देतात, पुढचा प्रसार व्हॉट्सअ‍ॅपवरचे वाचकगट करतात. फुकटात लेखकाचे पोट भरत नाही, हे खरेच. संपादकाचा हात न फिरलेला मजकूर कसा असतो, तेही वेगळे सांगायला नको. पण लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत लिहिणाऱ्याला छपाईचा खर्च न करता वाचक मिळू शकतो, ही सोय बहिणाबाईंच्या काळी नव्हती. नशिराबाद परिसरातल्या वाचनालयांनी महिन्याला अशा एका ई-पुस्तकावर चर्चा ठेवावी आणि जमल्यास लेखकालाही बोलवावे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.